संबंध नाही

जात पडताळणी समितीचा निकाल चौदा पानांचा होता, आणि चौदाही पानं वाचलेलं माणूस घरात एकच होतं: आक्का. एका दैनिकात ती एकतीस वर्षं मुद्रितशोधक होती. मजकूर हातात पडला की आधी चुका शोधायच्या आणि वेळ उरलाच तर अर्थ, हा तिचा क्रम. या निकालातही तिला सत्तावीस चुका सापडल्या होत्या. 'पडताळणी'तला 'ळ' तीन ठिकाणी 'ल' झाला होता, 'चुलते' एकदा 'चुलटे' छापले गेले होते, आणि अर्जदार मुलगी, म्हणजे तिची भाची, एका पानावर बावीस वर्षांची, तर दुसऱ्या पानावर बत्तीस वर्षांची होती. आक्काने लाल पेनाने खुणा करून कागद धाकट्या भावाला परत दिला होता. त्याने फक्त शेवटचं पान वाचलं होतं. त्यात जातीचा दावा अवैध ठरवून प्रमाणपत्र जप्त केल्याचं म्हटलं होतं, आणि तेवढं कळायला एक पान पुरतं.

या निकालाविरुद्ध हायकोर्टात गेलेल्या वकीलबाईंचा शुक्रवारी फोन आला. अकरावं पान वाचलंत का, त्यांनी विचारलं. आक्का म्हणाली, वाचलं, तिथे एकही चूक नाही.

"तेच म्हणतेय मी," वकीलबाई म्हणाल्या. "चूक नाही म्हणून तुमच्या नजरेतून सुटलं. आता पुन्हा वाचा. या वेळी बातमी वाचल्यासारखं."

आक्काने वाचलं. चौकशी पथकाच्या अहवालातलं एक वाक्य समितीने उतरवून घेतलं होतं. 'अर्जदाराच्या कथित चुलत्यांना समक्ष भेटून विचारणा केली असता, अर्जदाराच्या वडिलांशी आपला काहीही संबंध नाही, असे त्यांनी सांगितले. जबाब वाचून पाहिला, बरोबर आहे. सही.' ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी होते. स्वल्पविरामही नेमके होते. खालची सही थोरल्या भावाची, म्हणजे दादांची होती.

आक्काने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आपल्यालाच दोन शब्द सुनावले. तीन महिने तो कागद घरात होता.

दादांना एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, याच समितीने वैधता प्रमाणपत्र दिलं होतं. बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची जात एकदा पडताळून झाली असेल, तर पुढच्या माणसाचं काम निम्म्याहून सोपं होतं. धाकट्याच्या मुलीने अर्जाला दादांच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली होती. समितीने त्या प्रतीकडे पाहिलंही नाही. दादाच म्हणतात संबंध नाही; मग हे चुलते कुठले, आणि त्यांच्या प्रमाणपत्राचा हिला काय उपयोग?

आता गंमत अशी की दादा खोटं बोलले नव्हते. त्यांचा आणि धाकट्याचा तीन वर्षं संबंध नव्हताच.

*

रविवारी सकाळी दहा वाजता सगळे दादांच्या घरी जमले. सगळे म्हणजे आक्का, धाकटा आणि त्याची मुलगी. धाकट्याची बायको नर्स होती आणि तिची दुपारपर्यंत ड्यूटी होती. तिने निरोप पाठवला होता, की मी आले तर भांडेन, त्यापेक्षा इथे इंजेक्शनं देते.

धाकटा आला खरा, पण घरात आला नाही. स्कूटर पोर्चमध्ये लावली आणि तिच्यावरच बसून राहिला. त्याच्या डोक्यावर बरोब्बर ती पाटी होती. पाट्या रंगवणं हाच त्याचा धंदा, आणि नव्या घराची ही पाटी त्यानेच रंगवली होती. वरच्या ओळीत दादांचं नाव. त्याखाली, एकट्याने एक आख्खी ओळ अडवून, 'उप'. त्याखालच्या ओळीत 'अभियंता', आणि सगळ्यांत खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, 'सेवानिवृत्त'. पाटी लागल्याच्या आठवड्यात गल्लीतली पोरं दादांना 'उपकाका' म्हणायला लागली. महिनाभरात दूधवालाही म्हणायला लागला. दादांनी पाटी काढली नाही. काढली तर आपल्याला झोंबलं हे उघड होईल, म्हणून. भावाशी बोलणं मात्र बंद केलं.

दादा खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. खिडकी उघडी होती. खिडकीच्या आत एक भाऊ, बाहेर एक. मध्ये लोखंडी गज आणि वहिनींच्या तीन कुंड्या.

आक्काने अकरावं पान मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"हा माणूस कधी आला होता?" त्यांनी विचारलं.

"मार्चमध्ये," दादा म्हणाले. "तूच चहा केला होतास त्याच्यासाठी."

"मी आत चहा करत होते आणि तुम्ही बाहेर हे करत होतात."

दादांनी आपली बाजू मांडली. माणूस सरकारी होता, हातात फॉर्म होता. त्याने नाव वाचलं आणि विचारलं, यांच्याशी तुमचा काय संबंध. दादा म्हणाले, काही संबंध नाही. त्याने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, दादांनी सही केली. चाळीस वर्षं सरकारी कागदावर सही करताना त्यांनी एकच बघितलं होतं, की जे बोललो तेच लिहिलंय ना. तेच लिहिलं होतं.

"आणि खरंच नव्हता," ते म्हणाले.

"नव्हताच," खिडकीबाहेरून आवाज आला.

तीन वर्षांत दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं, ते नेमकं याच मुद्द्यावर. आक्काने कपाळाला हात लावला.

धाकट्याची मुलगी खुर्ची पुढे ओढून बसली. जनावरांच्या डॉक्टरकीचं तिचं चौथं वर्ष चालू होतं, आणि घरात तिला पहिल्या वर्षापासून 'डॉक्टर'च म्हणत, आधी चेष्टेने आणि पुढे सवयीने. स्वभावाने ती आपल्या आत्यावर गेली होती, म्हणजे नको तिथे खरं बोलायची. समितीपुढे तिला विचारलं होतं, तुमच्या समाजाची पारंपरिक वाद्यं कोणती. तिने सांगितलं, आमच्या घरात कोणालाच काही वाजवता येत नाही, बाबा तेवढे रंगाच्या डब्यावर ब्रश वाजवतात. निकालात ते 'अर्जदारास समाजाच्या सांस्कृतिक परंपरांचे ज्ञान नाही' असं झालं होतं.

"मोठे काका," ती म्हणाली, "मंगळवारी कोर्टात आपण हरलो तर बुधवारी कॉलेज माझं नाव काढणार. आणि गुरुवारी माझं पहिलं ऑपरेशन आहे. सर फक्त बाजूला उभे राहणार, सुरी माझ्या हातात. तेवढ्यासाठी साडेतीन वर्षं गोठे धुतलेत मी."

"कोणाचं ऑपरेशन?" दादांनी विचारलं.

"कुत्र्याचं."

"कोणाचा कुत्रा?"

"मालक नाही त्याला. कॉलेजच्या फाटकात असतो."

दादांनी मान हलवली. मग ते जे बोलले ते त्यांना बोलायचं नव्हतं, हे आक्काला त्यांच्या खुर्चीच्या करकरण्यावरून कळलं. त्यांना मुलीचं वाईट व्हावं असं मुळीच वाटत नव्हतं. पण शपथपत्र करून ते या प्रकरणात शिरले, तर समिती म्हणणार, बघू या यांची पण फाईल. एकोणीस वर्षांपूर्वी बंद झालेली फाईल उघडली आणि कोणाच्या तरी मनात किंतू आला, तर झालेली नोकरीच वादात. या वयात खोट्या जातीचा शिक्का घेऊन गल्लीत फिरायचं? पोरं उपकाका म्हणतात ते परवडलं.

"म्हणजे भीती वाटते," वहिनी म्हणाल्या.

"भीती नाही. जोखीम."

"तीन वर्षं मी तुमच्या बाजूने होते," वहिनी म्हणाल्या. चहाचा ट्रे त्यांनी दादांसमोर न ठेवता आक्कासमोर ठेवला. "भाओजींनी पाटी वाईट केली असं मीही म्हणत होते. पण पाटीचा राग पोरीच्या फाईलवर? आजपासून मी इकडे." आणि त्या आक्काच्या सोफ्यावर जाऊन बसल्या. मग उठून एक कप घेतला आणि खिडकीच्या गजांतून बाहेर दिला.

*

अकराच्या सुमाराला वकीलबाई आल्या. वय जेमतेम तिशीचं, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, आणि बोलणं असं की कामापलीकडे एक शब्द नाही. त्यांनी पोर्चमध्ये पाटी वाचली, धाकट्याकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली आणि काही न बोलता आत आल्या.

दादांनी त्यांना अभियंत्याच्या पद्धतीने प्रश्न विचारले: एक, दोन, तीन. वकीलबाईंनी तशीच उत्तरं दिली. हायकोर्ट नव्याने जात तपासत बसत नाही. समितीने समोरचे कागद नीट पाहिले का, जे विचारात घ्यायला हवं ते घेतलं का, आणि काढलेला निष्कर्ष कुठल्याही समंजस माणसाने काढला असता का, एवढंच ते बघतं. वाद्यं माहीत नसणं ही मोठी गोष्ट नाही. आजकालच्या पोरांना कुठल्याच समाजाची वाद्यं माहीत नसतात, आणि कोर्टांनाही ते कळतं. पुराव्याचा कणा म्हणजे दादांचं प्रमाणपत्र. तो कणा अकराव्या पानावर मोडला होता, आणि मोडणारा माणूसच तो सांधू शकत होता.

"आणि माझी फाईल?" दादांनी विचारलं.

"उघडू शकतात," वकीलबाई म्हणाल्या. "मी नाही म्हणणार नाही. पण फसवणूक झाली असं दाखवल्याशिवाय ती फिरवता येत नाही. तुम्ही काही लपवलं होतं का?"

"मी कधी टाचणीसुद्धा लपवली नाही."

"मग प्रश्न तुमच्या फाईलचा नाही. तुमच्या वाक्याचा आहे."

त्यांनी लॅपटॉप उघडला. दादांनी सही करीन असं म्हटलं नव्हतं, पण टाइप करायला हरकत नाही असं म्हटलं. मजकूर सुरळीत चालला होता. मी अमुक, वय अमुक, शपथेवर लिहून देतो की अर्जदार ही माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची मुलगी. तिथपर्यंत दादा माना डोलवत होते. मग वकीलबाई थांबल्या.

"संबंध नाही असं का म्हणालात?"

"वैचारिक मतभेद," दादा म्हणाले.

"कोर्ट विचारेल, कोणते?"

"कौटुंबिक स्वरूपाचे वैचारिक मतभेद."

"पाटी," खिडकीबाहेरून आवाज आला.

"हायकोर्टात पाटीचं नाव निघणार नाही," दादा कुंड्यांकडे बघत म्हणाले. "दोन न्यायमूर्तींसमोर मी उप या शब्दावरून रुसलो होतो असं लिहून देऊ? आयुष्यभर कमावलेलं सगळं..."

"रुसलास की नाही?"

"तू ती पाटी मुद्दाम तशी केलीस."

"चौदा इंचाचा पत्रा होता. एवढं लांब पद एका ओळीत बसवलं असतं तर अक्षरं डासांएवढी झाली असती."

"मग 'सेवानिवृत्त' कसं बसलं?"

"तेच डासांएवढं झालं ना."

"म्हणजे तुला येतं बारीक काढता. 'उप' बारीक काढता आलं असतं."

आक्काने वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी आक्काकडे. तीन वर्षांचा अबोला मोडला होता आणि मोडणाऱ्या दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. दादा खुर्ची फिरवून सरळ खिडकीत तोंड घालून बोलत होते आणि धाकटा स्कूटरवरून उतरून गज धरून उभा होता. कोणी मध्ये बोललं तर त्यांना आठवण होईल, म्हणून आक्का श्वास रोखून बसली. वकीलबाईंनीसुद्धा किबोर्डवरून बोटं उचलली.

"मुद्दाम केली," धाकटा एकदम म्हणाला. "हो. मुद्दाम."

दादांना हे अपेक्षित होतं, तरी ऐकल्यावर ते गोंधळले. तीन वर्षं माणूस ज्या आरोपाला चिकटून बसतो, तो समोरच्याने कबूल केला की पुढे काय करायचं हे ठरलेलं नसतं.

"का?" त्यांनी विचारलं.

"मी भिंतीला शेवटचा हात देत होतो. शिडीवर होतो. तुझे ऑफिसचे साहेब घर बघायला आले. त्यांनी विचारलं, हे कोण. तू म्हणालास, आमचा पेंटर."

धाकट्याने वरच्या पाटीकडे एकदा पाहिलं.

"भाऊ म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? संबंध नाही हे तू मार्चमध्ये नाही बोललास, दादा. तेव्हाच बोललास. चौकशीवाल्याने फक्त लिहून घेतलं."

दादा उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लोटल्याचा आवाज आला. वहिनी उठायला लागल्या, आक्काने त्यांचा हात धरून बसवलं. डॉक्टरने घड्याळ पाहिलं. वकीलबाईंनी लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं, पण पूर्ण मिटलं नाही. आक्काला वाटलं, संपलं. पोरीची जागा गेली, आणि घालवली ती समितीने नाही, एका शिडीने.

कपाटाचं दार वाजलं. मग काहीतरी जड जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. पाच-सात मिनिटांनी दादा बाहेर आले, ते कोपराला जळमट आणि हातात निळी फाईल घेऊन. त्यांच्या सगळ्या फाईलींना असते तशी हिलाही आत अनुक्रमणिका होती. त्यांनी पान चाळत चाळत एक कागद काढला आणि आक्काच्या हातात दिला.

"माझ्या पडताळणीच्या वेळी दिलेली वंशावळ," ते म्हणाले. "याची मूळ प्रत समितीच्या कपाटात असणार. एकोणीस वर्षं. वाच."

आक्का वाचायला लागली. आजोबांचं नाव, शिक्षण नाही, व्यवसाय मजुरी. त्यांच्याखाली वडिलांचं, चौथी पास. वडिलांखाली तीन रेघा. पहिल्या रेघेला दादा, कनिष्ठ अभियंता. दुसरीला ती स्वतः, मुद्रितशोधक. तिसरीला धाकटा, सख्खा भाऊ. व्यवसायाचा रकाना. तिथे ती अडली. मग तिने तो शब्द जरा सावकाश वाचला.

"व्यवसाय: चित्रकार."

"बघू," धाकटा म्हणाला. "अक्षर कोणाचंय बघू."

कागद गजांतून बाहेर देण्याआधीच तो पोर्चमधून आत आला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा तो त्या घरात उभा होता, आणि त्याचं लक्ष फक्त त्या कागदाकडे होतं. त्याने तो उजेडात धरला. अक्षरं रंगवण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्याला दुसऱ्याच्या सांगण्याची गरज नव्हती.

"हे तूच लिहिलंयस," तो म्हणाला. "तुझा 'च' असाच असतो. पोट फुगलेला."

"रकान्यात पेंटर लिहिता आलं असतं," दादा म्हणाले. "तू तेव्हा शाळेच्या भिंतीवर ते मोठं झाड काढलं होतंस. म्हणून तसं लिहिलं." त्यांनी कोपराचं जळमट झटकलं. "त्या दिवशी साहेबांसमोर का तसं बोललो, मला माहीत नाही. लाज वाटली. तुझी नाही. आपल्या घराची वाटली असेल. मग त्या लाजेची लाज वाटायला लागली, तोवर तू पाटी लावून मोकळा झाला होतास."

धाकट्याने कागद आक्काला परत दिला आणि वकीलबाईंकडे वळला.

"लिहा, पाटी मी मुद्दाम तशी केली. माझंही शपथपत्र करा."

"कारण?" वकीलबाईंनी विचारलं.

"भावाचा भावावर राग होता. एवढं पुरे. शिडी नका घालू."

वकीलबाईंनी शिडी घातली नाही. पण त्या पुन्हा अकराव्या पानाकडे वळल्या. 'संबंध' हा शब्द त्यांना छळत होता. त्याचे दोन अर्थ होतात हे कोर्टाला कसं पटवायचं, अशा विचारात त्या पेन दातात धरून बसल्या. तेव्हा वहिनी कप गोळा करता करता म्हणाल्या, "त्यात पटवायचं काय? परक्या माणसाचं नाव घेऊन विचारलं तर आपण म्हणतो, ओळखत नाही. संबंध नाही असं आपण फक्त घरच्यांबद्दल म्हणतो."

वकीलबाईंनी पेन दातातून काढलं.

"काकू, पुन्हा बोला. जरा हळू."

*

मंगळवारी कोर्टात त्यांचा क्रमांक एकोणतीस होता. दादांनी सोमवारी सकाळी शपथपत्रावर सही केली होती, आणि सही करण्याआधी आक्काने मसुद्यातले सगळे 'ळ' तपासले होते. सोबतच्या इंग्रजी भाषांतरात अबोल्याला नेमकं काय म्हणायचं, हे वकीलबाईंनाही सुचलं नव्हतं. म्हणून त्यांनी मूळ शब्दच ठेवून पुढे अडीच ओळींचा खुलासा जोडला होता.

क्रमांक पुकारला तेव्हा सव्वाबारा झाले होते. आक्का मागच्या बाकावर दोघा भावांच्या मध्ये बसली होती, दादांच्या पलीकडे वहिनी. त्यांना वेगळं ठेवायची आता गरज नव्हती, पण सवय होती. डॉक्टर पुढे, वकीलबाईंच्या मागे उभी होती, कॉलेजची बॅग खांद्याला लावून.

सरकारी वकील सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, समितीपुढे सख्ख्या म्हणवणाऱ्या चुलत्याचा सही केलेला जबाब होता, समितीने त्यावर विश्वास ठेवला, यात काय चुकलं? आता उशिरा शपथपत्र आणून तो जबाब फिरवला जातोय. बोलणं वजनदार होतं.  आक्काला वाटलं, मी बातमी वाचत असते तर मलाही हे पटलं असतं.

वकीलबाई उठल्या. त्यांनी वंशावळ पुढे केली आणि एवढंच विचारलं, की हा कागद एकोणीस वर्षं समितीच्याच कपाटात आहे. निकालाआधी तो कोणी उघडून पाहिला का? ज्येष्ठ न्यायमूर्तींनी तोच प्रश्न सरकारी वकिलांना केला. सरकारी वकिलांनी मागे बसलेल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने आपल्या चपलांकडे पाहिलं.

मग वकीलबाईंनी वहिनींचं वाक्य, वहिनींच्याच शब्दांत, मराठीत म्हणून दाखवलं. दोन्ही न्यायमूर्तींनी माना वर केल्या. वहिनींनी दादांच्या पाठीमागून हात घालून आक्काला चिमटा काढला.

"ती पाटी कशी होती?" ज्येष्ठ न्यायमूर्तींनी विचारलं.

वकीलबाईंनी फोटो वर दिला. दोन पिकली डोकी त्यावर वाकली. धाकट्या न्यायमूर्तींनी तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्यासारखं केलं. ज्येष्ठांनी चष्म्यावरून मागच्या बाकांकडे पाहत विचारलं, हे दोघे आले आहेत का. दादा आणि धाकटा उभे राहिले.

"आता बोलता का एकमेकांशी?"

"रविवारपासून," दादा म्हणाले. "पण भांडूनच, साहेब. शपथेवर सांगतोय."

यावर कारकूनसुद्धा हसला. मग न्यायमूर्ती खुर्चीत मागे रेलले आणि इंग्रजीत आदेश सांगायला लागले. आवाज इतका खाली आणि गती इतकी, की मागच्या बाकावर फक्त पाण्यासारखा ओघ येत होता. दादा कानाला हात लावून ऐकत होते. त्यांनी हलकेच सांगितलं, फेटाळली बहुतेक. धाकट्याला वाटलं, पुढची तारीख. वहिनी कोणाचंच ऐकत नव्हत्या. आक्काने ऐकण्याचा नाद सोडला आणि सरकारी वकिलांकडे पाहिलं. त्यांनी फाईलची दोरी बांधली, वकीलबाईंकडे बघून मान किंचित झुकवली आणि पुढच्या प्रकरणाचे कागद ओढले. हरलेल्या माणसापुढे असं कोणी मान झुकवत नाही, एवढं आक्काला कळत होतं.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी गाउनच्या बाहीने घाम पुसत नीट सांगितलं. समितीचा निकाल रद्द झाला होता. स्वतःच्याच कपाटातला पुरावा न पाहता आणि रागाच्या बोलण्याचा सोयीचा अर्थ लावून काढलेला निष्कर्ष टिकणार नाही, असं कोर्टाने म्हटलं होतं. चार आठवड्यांत वैधता प्रमाणपत्र द्यायचं, तोवर कॉलेजने प्रवेशाला हात लावायचा नाही.

डॉक्टर रडली नाही. तिने आदेशाची प्रत कधी मिळेल ते विचारलं, कॉलेजच्या कार्यालयात फोन लावला, तिथल्या कारकुनाला तेच तीनदा सांगितलं आणि गुरुवारच्या यादीत माझं नाव राहू द्या असं चौथ्यांदा. मग वाकून वहिनींच्या गालाला गाल लावला, आत्याच्या पाठीत एक धपका घातला, आणि दुपारचं प्रात्यक्षिक आहे म्हणत दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. खालच्या वळणावर थांबून तिने दोन्ही हात वर केले. मग दिसेनाशी झाली.

"आणखी एक," वकीलबाई दादांना म्हणाल्या. "तुमची फाईल तपासायची तर तपासा, अशी मुभा कोर्टाने समितीला ठेवली आहे. हिचं प्रमाणपत्र तुमच्या प्रमाणपत्राच्या आधारावर राहील. तुमचं राहिलं तर हिचं राहिलं. नोटीस येईलच असं नाही, पण आली तर घाबरू नका."

आक्काने दादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रविवारी ज्या भीतीला ते जोखीम म्हणत होते ती आता लेखी होती, आणि तिच्यावर हायकोर्टाचा शिक्का बसणार होता. ती काहीतरी धीराचं बोलायला गेली, तोच दादांनी वकीलबाईंना विचारलं, की आदेशात धाकट्याचा उल्लेख कसा आहे, नेमका शब्द काय. वकीलबाई म्हणाल्या, सख्खा भाऊ.

"मग येऊ दे नोटीस," दादा म्हणाले. "मला सख्खा भाऊ आहे. हायकोर्टाने लिहून दिलाय."

"त्यावर सुप्रीम कोर्टात अपील करता येतं म्हणे," धाकटा म्हणाला.